बारा अर्जांचा हिशेब

२०१६ साली माझ्या मुलीला तिच्या पहिल्या पसंतीच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला आणि न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी गोतावळ्यात मी जाणकार ठरले. गणपतीच्या जेवणात, रविवारच्या मराठी शाळेबाहेर मुलांची वाट बघताना, कुणी ना कुणी विषय काढायचंच. सॅट कधी द्यावी, उन्हाळ्यात काय करावं, अर्ज कुठे कुठे टाकावेत? मी उत्तरं देत गेले. एका मुलीच्या एका निकालावरून मी नियम बांधले होते आणि मला ते सिद्ध झालेले वाटत होते. चार वर्षांनी तेच नियम मी माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीच्या मुलाला लावले. त्याचं काय झालं ते इथे लिहिते आहे. त्या मुलाला आणि त्याच्या आईला हे आधी वाचून दाखवलं. दोघांनीही छापू दे म्हणून सांगितलं.

मैत्रीण पुण्यातल्या वसतिगृहापासूनची. लग्नानंतर दोघी योगायोगाने न्यू जर्सीत, एकमेकींपासून वीस मिनिटांवर आलो. ती एका छोट्या कंपनीत हिशेब बघते, तिचे यजमान सरकारी खात्यात पुलांचे इंजिनियर. मुलगा इथेच जन्मला, मला मावशी म्हणतो. शाळेत पहिल्या काही मुलांतला. सॅटला १६०० पैकी १५६०, एपीचे कठीण विषय घेऊन सगळीकडे अव्वल, आणि गणिताची खरीखुरी ओढ. मात्र अमेरिकेतल्या प्रवेशाच्या भाषेत ज्याला ‘हुक’ म्हणतात तसं त्याच्याकडे काहीच नव्हतं. आईबाप भारतात शिकलेले, म्हणून कुठल्या कॉलेजात लेगसी, म्हणजे माजी विद्यार्थ्याचं मूल म्हणून मिळणारं प्राधान्य, नाही. पण दोघेही पदवीधर, त्यामुळे घरातला पहिला कॉलेजात जाणारा म्हणूनही सवलत नाही. प्रशिक्षकाने हेरून घ्यावा असा खेळाडू नाही. देणगीचा तर प्रश्नच नव्हता. आणि आमच्या भागातल्या मोठ्या सरकारी शाळेत त्याच्यासारखी, तितकेच गुण असलेली भारतीय आणि चिनी घरांतली मुलं वर्गावर्गात होती.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी त्याच्याकडे बघत होते ते आमच्या वेळच्या डोळ्यांनी. मी सांगलीची. माझा भाऊ बारावीला होता तेव्हा फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स या तीन विषयांचे गुण आले की पुढचं सगळं ठरत असे. वालचंद इंजिनियरिंग कॉलेजची यादी लागायची, शेवटचा आकडा कळायचा, आपला त्याच्या वर की खाली एवढंच बघायचं. त्या पद्धतीत अन्याय नव्हता असं नाही. खेड्यातल्या मुलाला शिकवणी नसायची, आणि १९८३ नंतर विनाअनुदान कॉलेजं निघाली तेव्हा पैशाचा रस्ताही उघडला. पण गुणांच्या यादीत वर असलेला मुलगा बाहेर आणि खालचा आत, असं आपल्या गटात तरी होत नसे. हा विश्वास माझ्या अंगात इतका मुरला होता की तीस वर्षं अमेरिकेत राहूनही मी १५६० हा आकडा कटऑफसारखाच वाचत होते.

२०२० च्या ऑगस्टमध्ये, करोनामुळे घरात बसायची भीती होती म्हणून, आम्ही त्यांच्या मागच्या अंगणात खुर्च्या लांब लांब ठेवून बसलो. मी शाळेच्या नेव्हियन्स प्रणालीतले आलेख छापून नेले होते. आपल्या शाळेतून एखाद्या कॉलेजात आधीच्या वर्षी कोण कोण गेलं, त्यांचे गुण किती होते, हे त्यात ठिपक्यांनी दिसतं. त्याचा ठिपका जिथे पडला असता तिथे आजूबाजूला प्रवेश मिळालेल्यांचे ठिपके होते. मी ते बोट ठेवून दाखवले. त्यातला कुठला ठिपका नावा वल्हवणाऱ्या मुलाचा होता, कुठल्या मुलीचे वडील त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी होते, ते आलेख सांगत नाही. मी कुणाला विचारलंही नाही.

मग मी हिशेब मांडला. मी संख्याशास्त्र शिकले आहे. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासणं हा माझा रोजचा व्यवसाय आहे. मी म्हणाले, बारा नामांकित कॉलेजं निवडू. प्रत्येक ठिकाणी प्रवेशाची शक्यता दहा टक्के धरा. एकाही ठिकाणी न लागण्याची शक्यता झाली नऊदशांशचा बारावा घात, म्हणजे २८ टक्के. म्हणजे कुठे ना कुठे लागण्याची शक्यता ७२ टक्के. मैत्रिणीच्या चेहऱ्यावरचा ताण त्या आकड्याने उतरलेला मला दिसला. तिचा माझ्यावर विश्वास होता, आणि आकड्यांच्या बाबतीत तर पूर्णच.

त्या हिशेबात दोन चुका होत्या, आणि दोन्ही अशा की ऑफिसात कुणा नवशिक्याने केल्या असत्या तर मी तो अहवाल परत पाठवला असता. पहिली, दहा टक्के हा आकडाच त्या मुलाचा नव्हता. तो सगळ्या अर्जदारांचा मिळून होता. दुसरी, बारा निकाल एकमेकांपासून स्वतंत्र असतात असं मी धरलं. पण अर्ज तर एकाच मुलाचा असतो. तोच निबंध, शिक्षकांची तीच शिफारसपत्रं, तीच शाळा, तीच शाखा. एका ठिकाणच्या वाचणाऱ्याला ज्या कारणाने तो इतरांसारखा वाटेल, त्याच कारणाने तो बाकीच्या अकरा जणांनाही वाटणार. बारा अर्ज केले म्हणजे बारा वेगळ्या संधी मिळतात हे खरं नाही.

पहिल्या चुकीचं मोजमाप मला तेव्हाही सहज मिळालं असतं. प्रवेशातल्या भेदभावाबद्दल हार्वर्डवर झालेल्या खटल्याची सुनावणी २०१८ मध्ये बॉस्टनला झाली, २०१९ मध्ये न्यायाधीश अ‍ॅलिसन बरोज यांचा निकाल आला, आणि त्या निमित्ताने विद्यापीठाची आतली आकडेवारी प्रथमच उघड झाली. खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या खास यादीतली मुलं आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं, हे चार गट मिळून अर्जदारांत सुमारे ५ टक्के होते आणि प्रवेश मिळालेल्यांत सुमारे ३० टक्के. यावरून साधा हिशेब करता येतो. प्रवेशाचं एकूण प्रमाण ६ टक्के असेल तर या चार गटांबाहेरच्यांचं प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आत येतं. त्यातही काही मुलांना इतर कारणांनी प्राधान्य असतं. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्टसारख्या छोट्या कॉलेजांत तर वर्षाला पाचशेच्या आसपास मुलं घेतात आणि एकूण विद्यार्थ्यांत जवळपास एक तृतीयांश कॉलेजच्या संघांतले खेळाडू असतात. बाराही ठिकाणी चार टक्के धरले असते तर माझ्याच चुकीच्या गुणाकाराने ७२ च्या जागी ३९ टक्के उत्तर दिलं असतं, आणि मग कदाचित आम्ही वेगळं बोललो असतो.

अंगणातल्या त्या बैठकीत मुलाचे वडील बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, “रटगर्स काय वाईट आहे? आधी तिथला अर्ज नीट भरू या की.”

मी म्हटलं, “भाऊजी, रटगर्स तर आहेच हो. ते कुठे जातंय.”

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा आठवलं आहे. रटगर्स १७६६ सालचं विद्यापीठ आहे, अमेरिकन स्वातंत्र्याच्या आधीचं. आमच्याच राज्यातलं, त्यामुळे फी निम्म्याहून कमी. त्याचं ऑनर्स कॉलेज २०१५ मध्ये सुरू झालं होतं आणि चांगलं चाललं होतं. त्या गृहस्थांनी आयुष्यभर पूल तपासले आहेत. खालचा आधार आधी बघायचा ही त्यांची सवय. त्यांनी जे विचारलं ते बरोबर विचारलं होतं. मी ते ‘वडील मंडळी घाबरट असतात’ अशा सुरात बाजूला सारलं, आणि मुलाने ते ऐकलं. त्या दिवसानंतर रटगर्स त्याच्या मनात ‘काहीच नाही मिळालं तर’ या खान्यात जाऊन बसलं. घराजवळच्या एका चांगल्या विद्यापीठाबद्दल सतरा वर्षांच्या मुलाच्या मनात मी कमीपणा पेरला. बाकी चुका हिशेबाच्या होत्या. ही त्याहून वाईट होती.

यादीत एकाच कॉलेजला अर्ली डिसिजनचा अर्ज करता येतो. तो बांधील असतो. १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज, डिसेंबरच्या मध्याला निकाल, प्रवेश मिळाला तर जायलाच हवं. काही विद्यापीठं अर्धी तुकडी या फेरीतच भरतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ त्यातलंच एक. त्यामुळे या फेरीतलं प्रमाण नेहमीच्या फेरीपेक्षा दुप्पट-तिप्पट दिसतं. मी ते दाखवून म्हटलं, अर्ली सर्वांत वरच्या कॉलेजला वापरायची. पण अर्लीच्या फेरीतच खेळाडू भरले जातात, लेगसीची मुलं त्याच फेरीत मोठ्या संख्येने येतात. वर दिसणाऱ्या टक्केवारीचा मोठा भाग त्यांचा असतो. ही एकुलती एक फेरी त्याने मधल्या फळीतल्या, त्याला खरोखर आवडलेल्या एका कॉलेजसाठी वापरली असती तर तिचा उपयोग झाला असता. ते कॉलेज त्याने स्वतः शोधलं होतं. तिथल्या संख्याशास्त्र विभागाबद्दल तो माझ्याशी भरभरून बोलला होता. मी म्हटलं होतं, “ते दुसऱ्या फेरीत बघू.”

आणि मी पैशाबद्दल काहीच विचारलं नाही. आपल्यात ते विचारत नाहीत. बांधील अर्ज करण्याआधी वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या आसपास खर्च झेपेल का, हा पहिला प्रश्न असायला हवा होता. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्च काढायचं साधन ठेवणं २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे. अर्ध्या तासाचं काम होतं. दोघांच्या पगारावर मदत मिळण्यासारखी नव्हती आणि पूर्ण फी भरण्यासारखीही नव्हती, हे मला मैत्रिणीने पुढच्या एप्रिलमध्ये सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये तो दमलेला दिसत होता. शाळा ऑनलाइन, अर्ली कॉलेजचे जोडनिबंध चालू. मी त्याला सांगितलं, आता फक्त याच अर्जावर लक्ष दे, बाकीचे अर्ज १५ डिसेंबरनंतर. लागलं तर त्यांची गरजच पडणार नाही. दयेपोटी दिलेला हा सल्ला सगळ्यात महाग पडला. मेरीलँड आणि परड्यूसारख्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत १ नोव्हेंबरच्या आत अर्ज आला तरच गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी विचार होतो. परड्यूत कॉम्प्युटर सायन्सच्या जागांनाही तीच तारीख लागू. अर्ली डिसिजन केली तरी सरकारी विद्यापीठांना लवकर अर्ज करायला कुठलीच आडकाठी नसते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. त्या तारखांना माझ्या लेखी किंमत नव्हती, एवढंच खरं आहे.

आता निबंधाबद्दल. कॉमन अ‍ॅपचा मुख्य निबंध ६५० शब्दांचा असतो आणि सगळीकडे तोच जातो. त्याने पहिला मसुदा स्वतः लिहिला होता. त्याचे वडील शनिवार-रविवारी पार्कातल्या लीगमध्ये क्रिकेट खेळतात आणि तो दहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या संघाची धावपुस्तिका लिहितो. एकदा पावसाने सामना अर्धवट राहिला, लक्ष्य किती यावर दोन संघांत भांडण जुंपलं, आणि कुणालाच हिशेब येईना. त्या रात्री याने डकवर्थ-लुईसची पद्धत वाचायला घेतली. उरलेली षटकं आणि हातातल्या विकेट यांना मिळून संघाची साधनसंपत्ती मानायची, या कल्पनेवर तो खुळावला. त्याने लीगसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पुढे स्थानिक सामन्यांच्या धावपुस्तिकांवरून त्याने तपासलं की आंतरराष्ट्रीय सामन्यांवर बेतलेले तक्ते पार्कातल्या मॅटिंगच्या विकेटवर कितपत लागू पडतात. पडत नव्हते, आणि का पडत नाहीत याचा त्याचा अंदाज चांगला होता. टोनी लुईस त्याच वर्षी, एप्रिल २०२० मध्ये वारले. मसुद्याच्या शेवटी त्याने त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या.

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी. मला तो निबंध मनापासून आवडला होता. तरी मी तो बाजूला ठेवायला लावला. हार्वर्डच्या खटल्यात एक गोष्ट पुढे आली होती की व्यक्तिमत्त्वासाठी दिल्या जाणाऱ्या श्रेणीत आशियाई वंशाच्या अर्जदारांना सरासरीने कमी श्रेणी मिळत होती. त्या माहितीने मी घाबरले होते. भारतीय मुलगा, गणित, कॉम्प्युटर आणि वर क्रिकेट! वाचणारा पहिल्या ओळीतच त्याला साच्यात बसवेल असं मला वाटलं. मी म्हटलं, करोनाच्या सुरुवातीला तू शाळेच्या थ्रीडी प्रिंटरवर डॉक्टरांसाठी मुखकवचं करायला मदत केलीस ना, त्यावर लिही. ते काम त्याने केलं होतं, पण थोडे दिवस, इतर दहा मुलांबरोबर. मी त्या निबंधाचे परिच्छेद हलवले, वाक्यं सुचवली, शेवट बदलला. तो ‘हो मावशी’ म्हणत गेला. त्या शरद ऋतूत देशभर किती मुलांनी मुखकवचांवर निबंध लिहिले असतील याचा अंदाज आज मला आहे.

डिसेंबरमध्ये अर्लीचा निकाल आला. डिफर म्हणजे पुढच्या फेरीत पुन्हा विचार, तेही नव्हतं. सरळ नकार होता. मग त्या घरात जे दोन आठवडे गेले ते मी जवळून पाहिले आहेत. सगळं जग नाताळच्या सुट्टीवर, आणि हा मुलगा रोज रात्री दोन-तीन वाजेपर्यंत उरलेल्या कॉलेजांचे ‘आमचंच कॉलेज का’ या छापाचे निबंध लिहीत होता. ज्या कॉलेजांची नावंही त्याने नीट वाचली नव्हती त्यांच्याबद्दल प्रेम दाखवायचं होतं. मधल्या फळीतल्या बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थ्याला आपल्याबद्दल किती आस्था आहे हेही तोलतात. कोण ऑनलाइन माहितीसत्राला बसलं, कुणी पत्रं उघडली, याची नोंद राहते. कुठलं कॉलेज हे मोजतं ते कॉमन डेटा सेट नावाच्या वार्षिक तक्त्यात, सी-७ या भागात लिहिलेलं असतं. लेगसीला किती वजन तेही तिथेच. मी तो तक्ता त्याआधी कधी उघडला नव्हता. रटगर्सचा अर्ज त्याने वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, दहा मिनिटांत भरला.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली जी कुणाच्याच हातात नव्हती. परीक्षा केंद्रं बंद असल्याने बहुतेक कॉलेजांनी सॅटची सक्ती काढली आणि अर्जांचा पूर आला. हार्वर्डला आदल्या वर्षी ४० हजारांच्या वर अर्ज होते, ते ५७ हजारांवर गेले. प्रवेशाचं प्रमाण ४.९ वरून ३.४ टक्क्यांवर आलं. त्याचा १५६० चा आकडा अचानक कमी कामाचा झाला. मी काही दिवस या कारणाचा आसरा घेतला. सगळ्यांचंच तसं झालं, असं मैत्रिणीला म्हणालेही. ते सगळ्यांचं झालं नव्हतं. त्याच्याच वर्गातल्या ज्या मुलांनी १ नोव्हेंबरच्या आत सरकारी विद्यापीठांचे अर्ज टाकले होते त्यांच्या हातात फेब्रुवारीपर्यंत दोन-तीन होकार होते. वाईट वर्षाचा फटका त्यांनाही बसला, पण पायाखालची जमीन गेली नाही.

आयव्ही विद्यापीठांचे निकाल त्या वर्षी लांबून ६ एप्रिलला लागले. मैत्रिणीने फोन केला नाही. रात्री उशिरा तिच्या यजमानांचा एका ओळीचा निरोप आला की सगळीकडे नकार आहे, दोन ठिकाणी वेटलिस्ट. शेवटी हातात उरलं ते असं: एक खासगी कॉलेज, पूर्ण फीसकट, एक परराज्यातलं सरकारी विद्यापीठ, पण कॉम्प्युटर सायन्सऐवजी ‘शाखा अनिश्चित’, आणि रटगर्स, ऑनर्स कॉलेज आणि शिष्यवृत्ती या दोन्हींशिवाय. तो रटगर्सला गेला.

मी मे महिन्यात त्यांच्याकडे गेले आणि तिघांसमोर सांगितलं की तारखा मी चुकवल्या, हिशेब मी चुकीचा मांडला, आणि त्याच्या वडिलांचं म्हणणं मी ऐकायला हवं होतं. मैत्रीण म्हणाली, “अगं, तू वाईट का चिंतणार होतीस आमचं?” तिने मला कधीच दोष दिला नाही. पण आमचे रोजचे फोन आठवड्यावर गेले, आणि ते पुन्हा पूर्वीसारखे व्हायला काही वर्षं जावी लागली. मुलगा मात्र स्पष्ट बोलला. “मावशी, रिजेक्शन्सचं ठीक आहे. पण तू माझा निबंध बदललास ना, तेव्हा मला वाटलं की मी आहे तसा चालणार नाही.”

मी त्याच्यासाठी काय केलं याचा मी केलेला कुठलाही हिशेब या वाक्यापुढे टिकत नाही. प्रवेश समितीने त्याला साच्यात बसवू नये म्हणून मी धडपडत होते, आणि तो साचा त्याला पहिल्यांदा मी दाखवला. पहिल्या सत्रात तो कुणाशी फारसा बोलत नसे. मैत्रीण सांगायची की घरी आला की झोपून राहतो. अठराव्या वर्षी आपण नापास झालो असं वाटण्याचं त्याच्याकडे काहीही कारण नव्हतं. नापास माझी यादी झाली होती.

पुढे तो सावरला, आणि त्याचं श्रेय संपूर्ण त्याचं आणि तिथल्या एका प्राध्यापिकेचं आहे. तिने दुसऱ्या वर्षी त्याला आपल्या संशोधनात घेतलं. गेल्या वर्षी तो संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर सायन्स घेऊन पदवीधर झाला आणि आता एका विमा कंपनीत पुराच्या जोखमीचं गणित करतो. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांचा या विषयावरचा अभ्यास आहे. ज्या मुलांनी निवडक कॉलेजांना अर्ज केले पण शिकली दुसरीकडे, त्यांची पुढची कमाई सरासरीने निवडक कॉलेजांत शिकलेल्या तशाच मुलांइतकीच निघाली. फरक पडला तो मुख्यतः गरीब आणि कमी शिकलेल्या घरांतल्या मुलांना. राज चेट्टी यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं की सरासरी कमाई वाढत नसली तरी अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता अशा कॉलेजांमुळे वाढते. हे मी नंतर वाचलं. त्याचं पुढे चांगलं झालं म्हणून माझी चूक लहान होत नाही. त्याच्या घरच्यांनी चार वर्षं शिष्यवृत्तीविना फी भरली, आणि सतरा-अठराव्या वर्षातले ते महिने त्याचे परत येणार नाहीत.

मुलीच्या प्रवेशाकडेही मी नव्याने पाहिलं. ती मेकॅनिकल इंजिनियरिंगला गेली होती. तंत्रशिक्षणाच्या काही संस्थांत मुलींचे अर्ज कमी येतात आणि त्यांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. एमआयटीच्या कॉमन डेटा सेटमध्येही ते दिसतं. ती हुशार आहेच. पण तिच्या निकालात माझ्या नियमांचा वाटा किती, हे मला सांगता येत नाही, आणि ते नियम मी वर्षानुवर्षं वाटत होते.

माझ्या धाकट्याची वेळ २०२३ मध्ये आली, सर्वोच्च न्यायालयाच्या जूनच्या निकालानंतर. वंशाचा विचार बंद झाल्यावर आता आपल्या मुलांना रान मोकळं, असं आमच्याकडे बरेच जण बोलत होते. मला ते पटलं नाही. लेगसी बहुतेक ठिकाणी तशीच होती, खेळाडूंच्या जागा तशाच होत्या, अर्ली डिसिजन तशीच होती. जॉन्स हॉपकिन्सने आणि अ‍ॅमहर्स्टने लेगसी स्वतःहून सोडली. हॉपकिन्समध्ये २००९ साली नव्या तुकडीत साडेबारा टक्के मुलं लेगसीची होती, ती दहा वर्षांत साडेतीन टक्क्यांवर आली. एमआयटी आणि कॅलटेक लेगसी बघतच नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी कॉलेजांना कायद्याने ती बंद करायला लावली. घरातल्या पहिल्या शिकणाऱ्याला प्राधान्य मिळावं असं मला मनापासून वाटतं. आजोबांच्या पदवीवर नातवाला का मिळावं हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. पण कायदा बदलेपर्यंत यादी आहे त्या परिस्थितीतच करावी लागते. धाकट्याची यादी आम्ही खालून लिहायला सुरुवात केली. ज्या दोन ठिकाणी नक्की प्रवेश मिळेल, फी झेपेल आणि तो आनंदाने जाईल ती आधी, त्यांच्यासाठी दोनदा तिथे जाऊन, वर्गात बसून. वरच्या चार ठिकाणी त्यालाही नकारच आले. त्यातल्या शेवटच्या नकाराच्या रात्री तो मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळायला गेला होता, कारण कुठे राहायचं, कुणाबरोबर खोली घ्यायची हे त्याचं मार्चमध्येच ठरलं होतं.

या सप्टेंबरमध्ये एक नवरा-बायको मुलीला घेऊन आले. मी आता कुणाला बोलावत नाही, पण आले तर नाही म्हणत नाही. चौदा कॉलेजांची यादी होती, पहिली दहा नावं मी न बघताही सांगितली असती. मी आधी आईवडिलांना वर्षाला किती झेपेल ते विचारलं. दोघे एकमेकांकडे बघत राहिले, मग वडिलांनी आकडा सांगितला आणि यादीतली पाच नावं आपोआप गेली. मुलीला विचारलं, खालच्या दोन ठिकाणी काय शिकायला मिळेल ते तुला माहीत आहे का? तिला नव्हतं. म्हणाली, ती बाबांनी घातली आहेत. मी त्यांना रटगर्सच्या आणि मेरीलँडच्या तारखा लिहून दिल्या, आणि त्याआधी दोन्हीकडे एक एक दिवस जाऊन या म्हटलं. निघताना आईने फोनवर मुलीचा निबंध उघडला आणि माझ्यापुढे धरला, ताई, जरा बघता का म्हणून. मी मुलीला विचारलं, हे तूच लिहिलंस का? ती हो म्हणाली. मी फोन न वाचता तिच्या हातात दिला आणि शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना दाखव, म्हणून सांगितलं.